सातवाल्या बाई

धाकटीने तोंडावरचा रुमाल नाकापर्यंत ओढला आणि तळ्याकाठच्या वाटेचं दुसरं वळण घेतलं, तेव्हा पुढच्या बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. चार पावलांवर ती थबकली. एक खांदा वर, एक खाली, ही बसण्याची ढब तिने बारा वर्षं एकाच स्वयंपाकघरात पाहिली होती. बाकावर तिची थोरली जाऊ होती.

सासूबाई गेल्या त्या दिवशी धाकटी छापखान्यात होती. बांधणी विभागात सुट्टी मिळाली नव्हती. निरोप मिळताच ती धावतपळत पोचली, तर थोरली चारचौघांत म्हणाली, "आता कशाला आलीस?" तेवढंच. पण शब्द जिव्हारी लागला. चुली वेगळ्या झाल्या, आणि गेल्या सहा वर्षांत दोघी एकमेकींशी अक्षरही बोलल्या नव्हत्या.

यंदा थंडीत डॉक्टरांनी दम्यासाठी धाकटीला चालायला सांगितलं: उजाडल्यावर, नाकतोंड झाकून, अंगात एकावर एक तीन पातळ कपडे घालून. थोरलीलाही रक्तदाबापायी चालावं लागतच होतं, आणि गावात चालण्याजोगी वाट ही एकच. भावाभावांच्या बोलण्यातून कळलं, की ती साडेपाचला अंधारातच येते आणि धाकटी सातला पोचायच्या आत निघून जाते. आपलं तोंड बघायला नको म्हणून, हे धाकटीने तेव्हाच ओळखलं.

"बरंच झालं," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मलाही सकाळ नासवून घ्यायची नाही."

आताही ती मान वळवून पुढे निघाली. पण जाता जाता नजर गेलीच. थोरलीने जाकीट काढून कमरेला बांधलं होतं आणि त्याची गाठ सोडवायला बघत होती. बोटं गाठीवरून नुसतीच घसरत होती. धाकटी दहा पावलं गेली. मग मागे फिरली.

"वहिनी?"

थोरलीने वर पाहिलं. ओठ निळसर पडले होते, दात वाजत होते.

"सुटत नाहीये," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

"कधीपासून बसलात?"

"आत्ताच. एक फेरी जास्त मारली, उकडायला लागलं... पाय दुखला म्हणून टेकले."

धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. कुर्ता घामाने चिंब, आणि बर्फासारखा गार.

"घरी सांगून आलात?"

"झोपलेत ते."

"उठा. बसायचं नाही आता. उठा म्हणते ना!"

थोरली निमूट उठली. सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई एरवी कुणाचं असं ऐकायची नाही. तिला कमरेत धरून धाकटी फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीपर्यंत कशीबशी आली. पहारेकऱ्याला बाहेर पिटाळून तिने दार लोटलं, थोरलीच्या अंगातला ओला कुर्ता काढला, आपला मधला स्वेटर तिला चढवला आणि तिचे दोन्ही हात आपल्या काखेत घट्ट दाबून धरले. इतक्या जवळून तिने थोरलीचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. केस बरेच पिकले होते.

हळूहळू कापरं कमी झालं. बोलणं सुधारलं. पहारेकरी चहा घेऊन आत आला आणि धाकटीकडे निरखून बघू लागला.

"तुम्ही सातवाल्या बाई ना?"

"म्हणजे?"

"या बाई रोज जाताना मला बजावतात. सातला एक बाई येतील, त्यांना दमा आहे, फेरी मारून परत येईपर्यंत लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पहिला प्रश्न, तोंड झाकलं होतं का? परवा तुम्ही रुमाल विसरलात, बोलणी मी खाल्ली."

"चहात साखर कमी आहे," थोरली मध्येच म्हणाली.

पण पहारेकऱ्याचं तोंड कोण धरणार?

"मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर तुम्हीही उजाडल्यावर या की. अंधारात, गारठ्यात कशाला मरता? तर म्हणाल्या, मी दिसले तर ती यायची बंद होईल."

धाकटीने जाकीट थोरलीच्या खांद्यावर घातलं आणि चेन लावायला घेतली. चेन साधीच होती, पण तिला लावायला फार वेळ लागला.

"बाह्या आखूड आहेत गं याच्या," स्वेटरकडे बघत थोरली म्हणाली.

"माझ्या मापाचा आहे तो."

"तेच म्हणतेय. किती वाळलीस."

धाकटीने नाक पुसलं. "चला. आधी दवाखान्यात दाखवायचं, मग घरी."

"मला काही झालेलं नाही."

"ते डॉक्टर सांगतील."

दोघी फाटकाबाहेर पडल्या. ऊन आलं होतं, पण तळ्यावरून वारा सुटला होता. धाकटी थोरलीला आड घेऊन तळ्याच्या बाजूने चालू लागली. थोरलीने तिचा दंड धरून तिला पलीकडे सारलं आणि स्वतः त्या बाजूला गेली. वीसेक पावलांनी धाकटी पुन्हा मागून वळसा घालून वाऱ्याकडे आली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थोरली.

पहारेकरी दारात उभा राहून बघत होता. रस्ता असा नाकासमोर सरळ असताना या दोघी अशा नागमोडी का चालल्या आहेत, ते त्याला काही कळेना.