जामिनाच्या घरची पंगत

वितोमिरला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे मला लग्नाआधीच कळायला हवं होतं. मला मागणी घालायलासुद्धा तो आपण होऊन आला नव्हता, ल्युबिशाने त्याला पुढे ढकललं होतं. त्याच ल्युबिशाने मग चर्चमध्ये साक्षीला उभं राहून आमचं लग्न लावलं, पुढे आमच्या मुलीचं नाव ठेवलं आणि तो आमचा कूम झाला, आम्ही त्याचे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, अबोला धरता येतो. कूमला मात्र नाही म्हणायची सोय नाही.

म्हणून कूमने बेकरी काढायला बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा जामीन कोण राहिला? आमचा वितोमिर. मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. बेकरी दोन हिवाळे चालली. पाव उत्तम असायचे, हे मी रागातही कबूल करते. मग समोर मोठं दुकान आलं, हप्ते थकले, आणि एका सकाळी ल्युबिशाने शटर ओढून स्लोव्हेनियाची बस पकडली. साधा निरोपही घेतला नाही. बँकेला स्लोव्हेनिया लांब पडतं, वितोमिरचा कारखाना जवळ. तेव्हापासून त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा घरी यायच्या आतच कापला जातो.

"देईल गं तो," वितोमिर म्हणायचा. "लाजतोय बिचारा."

"लाजायचं त्याने आणि हिवाळ्यात एकाच खोलीत शेगडी पेटवायची आपण. छान वाटणी आहे."

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस जवळ आला. ती आमच्या घराची स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण. वर्षभर काय वाटेल ते खा, त्या दिवशी टेबल भरलेलं हवं, कारण स्लावाचं आमंत्रण कुणाला करत नाहीत. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. यजमान दिवसभर उभा राहून वाढतो. वितोमिरला वर्षात या एकाच दिवशी मोठं झाल्यासारखं वाटतं.

तर या माणसाने काय करावं? मासे आणि वाइन आणायला छोटं कर्ज काढायचं ठरवलं. पगाराला आधीच कात्री लागलेली, त्यामुळे बँकेने जामीन मागितला. मग हा शेजारच्या रादेकडे गेला, फोरमनकडे गेला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडेही जाऊन आला. हे मला केस कापायला गेले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

"स्वतः जामीन राहून बुडालास, आता दुसऱ्याला बुडवायला निघालास?" घरी येऊन मी विचारलं.

"मग स्लावाला टेबल रिकामं ठेवू?"

"घेवडा ठेवू. कांदा घालून भट्टीत भाजते. नाहीतरी उपवासाचेच दिवस आहेत, संत काही रागावत नाही."

कर्ज निघालं नाही, कारण जामीन राहायला कुणीच तयार झालं नाही.

स्लावाच्या दिवशी सकाळी मेणबत्ती लावली, स्लावाचा पाव मध्ये ठेवला, पाहुण्यांना आल्या आल्या द्यायचे गोड गहू वाटीत काढले. वितोमिर लग्नातला सूट घालून टेबलाशी उभा राहिला. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. रादेच्या खिडकीचा पडदा तेवढा दोनदा हलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. लोक घाबरले होते. एक पेला झाला की वितोमिर खिशातून कागद काढून सही मागेल, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही ते कळलं असावं. तो सारखा काटेचमचे सरळ करत होता. वर्षभर मी त्याच्यावर चिडले होते, पण त्या घटकेला मला त्याची इतकी दया आली की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

स्लावाचा पाव यजमानाने एकट्याने मोडायचा नसतो, समोरून पाहुण्याचे हात लागतात. आता माझेच लावावेत असा विचार करत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात ल्युबिशा. वाळलेला, हातात जुनी बॅग आणि वाइनची एक बाटली.

"स्लावा सुखाची होवो, कूमा," तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला.

वर्षभर मी याला काय काय सुनवायचं ते तोंडपाठ करून ठेवलं होतं. "दिवस बरोबर शोधलास," मी म्हटलं. "आज तुला कुणी काही बोलू शकत नाही."

"म्हणूनच आज आलो. एरवी दार उघडलं असतंस?"

नसतं उघडलं. मी गव्हाची वाटी पुढे केली. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि एक चमचा तोंडात टाकला. मग त्याने आणि वितोमिरने मिळून पाव फिरवला, वाइन शिंपडली आणि मोडला. वितोमिरच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणे मेणबत्तीचा धूर.

ल्युबिशा आल्याची बातमी गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागणार? पहिला रादे आला. बेकरीच्या भट्टीला लाकडं त्यानेच उधारीवर दिली होती. मग पीठवाला आला, मग बेकरीच्या जागेची मालकीण. ज्याचे ज्याचे पैसे अडकले होते, त्या सगळ्यांना एकदम आमचा संत आठवला. खोली भरली. पण दुसऱ्याच्या स्लावाच्या टेबलावर थकलेले पैसे मागायचे कसे? सगळे मूग गिळून माझा घेवडा खात होते आणि ल्युबिशाकडे टक लावून बघत होते. वितोमिर मात्र खुशीत वाढत होता.

शेवटी ल्युबिशा पेला घेऊन उभा राहिला.

"आज कुणी विचारणार नाही, तेव्हा मीच बोलतो," तो म्हणाला. "रादे, तुझी लाकडं आहेत. पिठाचे आहेत. भाडं आहे. विसरलो नाहीये. पण कूम, तुझं तर काहीच नव्हतं रे. माझं ओझं मी तुझ्या गळ्यात टाकून पळालो. तिकडे आता पक्की नोकरी लागली, दुसऱ्याच्या बेकरीत. सकाळी बसमधून उतरलो तो आधी बँकेत गेलो. जानेवारीपासून हप्ता माझ्या पगारातून जाईल. तुझा कापला गेलेला पैसा त्यानंतर थोडा थोडा फेडीन. वर्षं लागतील."

रादेने तोंडातला घास गिळला.

"लाकडांचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी जामिनाचं फेड."

पीठवाल्याने रादेकडे रागाने बघितलं, मग वितोमिरकडे बघितलं, आणि मान हलवली. वितोमिर पातेलं हातात धरून नुसता उभा होता.

माझा ल्युबिशावर विश्वास बसला का? अर्धा बसला. उरलेला जानेवारीत बघू. पण तो खाली बसला तेव्हा दिसलं, त्याच्यापुढचं ताट अजून कोरडंच होतं. टेबलाची ती बाजू वाढायला माझ्याकडे होती. इतका वेळ मी मुद्दामच तिकडे वळले नव्हते, आणि त्यानेही मागितलं नव्हतं.

आमच्या घरी कूमचं ताट सगळ्यांच्या आधी भरतात. त्या दिवशी मी ते सगळ्यात शेवटी भरलं. पण काठोकाठ भरलं.