कोश पाहिलेला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. प्रयोगशाळेने मला भंगारात काढायचे ठरवले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही.

मित्रांनो, माझी भिंगे कोणी घासली ते आठवत नाही. आठवतात त्या इथल्या संशोधक बाई. त्या माझ्याखाली फळमाश्या ठेवत. तिळाएवढ्या माशीला एक वास द्यायचा, सोबत विजेचा बारीकसा झटका, आणि पुढे ती तो वास टाळते का ते पाहायचे, अशी त्यांची परीक्षा. बहुतेक माश्या धडा लक्षात ठेवत.

बाईंचे म्हणणे असे, की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका धड नसतील तर ही स्मरणशक्ती घडणारच नाही. म्हणून त्यांनी पूर्ण वाढ झालेल्या माश्यांच्या मेंदूतल्या तंतुकणिका दुबळ्या केल्या. माश्यांना धडा तरीही आठवला. विभागप्रमुख हसले. माशीच्या डोक्यात डोके घालण्यापेक्षा निवृत्तीचे कागद भरा, म्हणाले.

"चूक माझीच आहे, सर," बाई म्हणाल्या. "घर बांधून झाल्यावर गवंड्याला उपाशी ठेवलं मी. बांधकाम चालू असताना ठेवायला हवं होतं."

मग दोन वर्षे माझ्याखाली कोश आले. अळीची माशी होते ती कोशात. मेंदूची नवी जुळणीही तिथेच होते. बाईंनी नेमक्या त्याच दिवसांत तंतुकणिका दुबळ्या केल्या. माश्या बाहेर आल्या त्या धडधाकट. उडत होत्या, वास ओळखत होत्या, झटक्याला दचकत होत्या. फक्त शिकवलेले टिकत नव्हते. बाईंनी प्रयोग सहा वेळा केला. सहाव्या वेळी प्रमुखांनी स्वतः माश्या मोजल्या आणि बाईंच्या अहवालावर सही केली.

बाई आता नाहीत. परवा त्यांची लेक सामान न्यायला आली. एक भिंग तडकलेय, यातून काही दिसायचे नाही, असे स्टोअरकीपरने तिला सांगितले. तिने माझ्यावर डोळा टेकवला. बराच वेळ उचलला नाही.

"दिसतंय, काका," ती म्हणाली. "भंगाराच्या यादीतून याला काढा."

त्याने अजून काढलेले नाही. वरून परवानगी लागते म्हणे. लागू दे.

तोवर माझे ऐका, मित्रांनो. जे घडते आहे त्याला घडतानाच जपा. नंतरची माया तिथवर पोचत नाही. आणि कुणाला निकामी ठरवायचे असेल, तर आधी जवळ या, नीट पाहा. दुरून दिलेला निकाल मी मानत नाही.