तेल्हाऱ्याचं रक्त

माझ्या भावाला, विपुलला, विसाव्या वर्षी नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या सुरू केल्या, आणि वर्षभरात तो राजापेठेतल्या आमच्या फुलांच्या दुकानात पुन्हा हार करायला बसला. बिघडलं ते बाकीचं घर.

बाबांनी, म्हणजे नत्थुजींनी, पहिल्याच दिवशी संशोधन उरकलं होतं. "हे तेल्हाऱ्याचं रक्त!" तेल्हारा आईचं माहेर. तिचा एक मामा शेतात एकटाच बोलत फिरायचा, एवढा पुरावा त्यांना पुरला. सहा वर्षं आई हे ऐकत गजरे ओवत राहिली. लाजेनं माहेरी जाणंही तिनं सोडलं.

यंदा जनुकांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना घरी आल्या. त्यांना दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने हवे होते. बाबांनी उत्साहानं बाही वर सारली. तेल्हाऱ्याहून आईचा भाऊ, किशोरमामाही तितक्याच उत्साहानं आला. दोघांनाही समोरच्याची बदनामी शिक्क्यानिशी हवी होती.

"रिपोर्टात घराण्याचं नाव येईन ना?" मामानं विचारलं.

"असा रिपोर्ट मिळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे एका जनुकाचं काम नाही. शेकडो बारीक बदल असतात, एकेकाचा वाटा चिमूटभर. ते आईकडूनही येतात, वडिलांकडूनही. माझ्यातही काही असतील. आणि ते असले म्हणजे आजार होतोच, असंही नाही."

दोन्ही प्रतिष्ठित घराण्यांचे चेहरे पडले.

"मंग आमचं रक्त काहून घेता?" बाबा चिडले.

"पुढे चांगली औषधं सापडावीत म्हणून."

एवढ्या क्षुल्लक कारणासाठी रक्त द्यायचं, हे काही त्यांना पटलं नाही.

"म्हंजे माही चूक नाई?" आईनं हळूच विचारलं.

"कुणाचीच नाही."

आई बाबांकडे वळली. "आयकलं? सहा वर्सं तुमी मले काय म्हणून राहिले होते?"

बाबांना तेवढ्यात पंख्याचा वेग कमी वाटला. ते बटणाशी खटपट करत बसले.

"माह्यं रक्त आधी घ्या, मॅडम," विपुल म्हणाला. "लग्नाची ऑर्डर आहे. ह्यायचं चालूच राहीन."

त्यानंतर बाबांच्या तोंडून तेल्हाऱ्याचं नाव निघालं नाही. माफीही निघाली नाही. पण पुढच्याच आठवड्यात आई विपुलला घेऊन माहेरी गेली आणि चांगली आठ दिवस राहिली. बाबांनी तिला फोन करून फक्त एवढंच विचारलं, वरणात मीठ किती टाकतात.