लाला म्हणणारी विहीर

मी थापाड्या आहे असं आमच्या गावात जे म्हणतात, त्यांतले निम्मे माझ्याच थापांवर वाढलेत. पलटणीतलं खेचर माझी गिटार ऐकल्याशिवाय खिंड चढायचं नाही, ही थाप. आमच्या उसाचे शेंडे चांदण्यांना टोचू नयेत म्हणून पुनवेआधी छाटावे लागायचे, ही पण थाप, जरा कमी. विहीर बोलायची, हे मात्र खरं. आणि जे खरं ते कुणी धरलं नाही, हा माझ्या धंद्याचा भोग.

पलटणीच्या बँडात मी गिटार वाजवायचो. साहेब लोकांच्या पार्टीला तुतारी-ढोल चालत नाही, तिथं आम्ही चौघं-पाचजण सिनेमाची गाणी वाजवायचो. जबलपूरच्या बाजारात मी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घेतली, बरोबर सेलवर चालणारी स्पीकरची पेटी. सुट्टीवर आलो की ती घरात वाजवायची सोय नव्हती. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, ते टिंगटिंग म्हणजे भिकाऱ्याचं लक्षण वाटायचं. मग मी मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसायचो आणि वाजवायचो.

सहा सुरांची एक ओळ होती माझी, स्वतः बांधलेली. ती वाजवून थांबलो की विहीर ओळीतले पहिले दोन सूर परत म्हणायची. जरा उशिरा, जरा बेसूर, बारीक आवाजात. एकदा गंमत म्हणून स्वतःच्याच नावानं हाक मारली, "लालासाहेब". विहीर थोडी थांबली आणि म्हणाली, "लाला".

आता लाला म्हणणारं माणूस जगात एकच होतं, माझी आई, आणि ती तोवर गेली होती. पलटणीत मी नंबर आणि आडनाव. गावात आधी हवालदार, मग सुभेदार. आणि शालूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, मी नुसता "आवं". आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे तर झालंच, पण हिचं सोवळं वेगळंच होतं. तिच्या भावानं पोराचं नाव लालासो ठेवलं, तर त्याला ही जन्मभर 'बाळ' म्हणत राहिली. तो मिशा वाढवून एसटीत कंडक्टर झाला तरी बाळच. भर गाडीत बाळ म्हणायची त्याला, सगळे पॅसेंजर वळून बघायचे.

मी पायऱ्या चढून वर आलो की ती भाकरीची पाटी घेऊन काठावरच्या, पाणी पडायच्या थारोळ्यापाशी बसलेली असायची, तोंड पदरानं पुसत. विहीर लाला म्हणाली म्हणून मी कौतुकानं सांगायचो. ती भाकरी पुढं सरकवायची.

"विहिरीचं काय, तिला कुणाचा धाक हाय."

शालूबाई गेली त्याला तीन दिवाळ्या झाल्या. तेव्हापासून विहीर बदलली. मी हाक मारली, "लालासाहेब". विहीर म्हणाली, "साहेब". परत मारली, परत नुसतं साहेब, मागून लाला नाही. गिटार वाजवली तर ओळीचं शेपूट तेवढं परत आलं. मला वाटलं, गाळ साठला असेल. गाळ काढला. वाटलं, मोटारीचा पाइप आवाज खात असेल. पाइप हलवला. पारवे हुसकले. तरी साहेबच. पारावर मी हसून सांगितलं की मी एकटा पडल्यापासून विहीर मला मान द्यायला लागली. कुणी हसलं नाही. विहिरीनं असं परक्यासारखं वागावं हे मला लागलं होतं, आणि ते त्यांना दिसलं असणार.

मग गणपतीत गावात ऑर्केस्ट्रा आला. त्यातल्या पोराच्या पायाखाली एक चपटा डबा होता. पायानं बटण दाबलं की त्याची गिटार कधी देवळात वाजल्यासारखी, कधी पत्र्याच्या गोदामात, कधी दरीत. मी कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठलं. मल्टी इफेक्ट पेडल म्हणतात, म्हणाला, सांगलीत मिळतं. देऊळ मावतं त्यात विहीर का मावू नये? मला तो लाला परत पाहिजे होता. बाकी त्या डब्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

बरोबर धुळा आला. धुळा माणदेशातला धनगर. ऊस गेला की दर साली त्याची मेंढरं आमच्या रानात बसतात. आम्हाला खत, त्याला धान्य, असा बापजाद्यापासूनचा व्यवहार. सांगलीच्या रिक्षांना तो वाघासारखा भितो. तरी "चला, मीबी येतो" म्हणाला आणि घोंगडं खांद्यावर टाकून एसटीत माझ्या आधी बसला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुकान गुळाच्या बाजारामागं. सगळ्या वाद्यांना गुळाचा वास. दुकान सोनम नावाची पोरगी चालवत होती, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्वतः गिटार वाजवणारी. तिनं रीतसर विचारलं, कितीपर्यंत बघायचं, कशासाठी. मी सांगितलं, पेन्शनीत बसावं, पिशवीत मावावं, सेलवर चालावं, मळ्यात वीज रुसलेली असते. आणि आवाज विहिरीचा पाहिजे.

"विहिरीचा?"

"दगडी बांधणीच्या," मी म्हणालो. सिमेंटची कडी टाकलेली नको.

तिनं तीन डबे काउंटरवर मांडले. पहिला मोठा, लोखंडी, वर पाय ठेवायचा पत्रा. त्यात गुरगुरण्याचेच इतके प्रकार की धुळा दोन पावलं मागं सरला. त्यात कुत्रं कोंडलंय, म्हणाला. शिवाय वजन असं की ते घेऊन पायऱ्या उतरायला दुसरा सुभेदार लागला असता. दुसरा सुबक, पानाच्या डब्याएवढा. त्यात देऊळ होतं, सभागृह होतं, गुहा होती. गुहेत माझे सूर ओले होऊन आले आणि क्षणभर मला वाटलं, जमलं. पण सगळे सूर एकमेकांत कालवलेले, ओळीचं पिठलं झालेलं. आणि तो वीज मागत होता. तिसरा त्याहून लहान, सेलवर चालणारा, स्वस्त. त्यात इको चांगला होता. मी माझी ओळ वाजवली. ओळीचं शेपूट परत आलं, मग त्याहून बारीक, मग अजून बारीक.

मी म्हणालो, असं नाही, पहिले दोन सूर परत यायला पाहिजेत. आणि जरा बेसूर.

पोरगी चिवट. तिनं डब्यावरच्या खुंट्या पिरगाळल्या, उशीर वाढवला, कमी केला. सूर उलटे वाजवणारं एक बटण होतं, ते दाबलं. तर माझी ओळ म्हशीला शेपटीकडून गोठ्यात ओढावं तशी आली. शेवटी तिनं हात काढून घेतले.

"आजोबा, इको शेवटचंच परत देतो. पहिलं तुमच्याच आवाजाखाली दबून जातं. नुसतं पहिलं परत म्हणायचं तर कुणीतरी ऐकायला लागतं, ध्यानात ठेवायला लागतं, आणि मग म्हणायला लागतं."

"आमची विहीर म्हणायची."

"मग विहिरीत कुणीतरी असेल की." ती हसली.

धुळा हसला नाही. तो घोंगड्याचं सूत ओढत उभा होता. मी त्याच्याकडं वळलो.

"धुळा, कोण हुतं रं?"

त्यानं मोठा श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा.

"वैनी."

मग त्यानं सांगितलं. विहिरीच्या वरच्या अंगाला पिंपरणीचं झाड आहे, त्याच्या आडोशाला काठाच्या दगडावर शालूबाई पालथी पडायची, मुंडकं आत घालून. ओळ संपली की पहिले दोन सूर म्हणायची. नाव आलं की नाव म्हणायची. आणि म्हणून झालं की पदराचा बोळा तोंडात कोंबायची, हसू खाली जाऊ नये म्हणून. मेंढरं वळताना धुळ्यानं तिला बघितलं, तेव्हा तिनं त्याला बिरोबाची आन घातली. सुभेदारानं स्वतः विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

"मग मी कवा इचारलं न्हाई व्हय?"

"न्हाई. तुमी सांगतच ऱ्हायलासा."

जन्मभर मी गावाला थापा मारल्या, आणि माझ्याच घरात एक बाई मला रोज थाप मारत होती, ती पण माझ्याच नावाची. आबांच्या समोर, गावासमोर, माझ्या तोंडासमोर जे नाव तिला घेता येत नव्हतं, ते तिनं विहिरीच्या नावावर घेतलं होतं. आणि मी वर येऊन तिलाच सांगायचो, ऐकलंस का.

सोनमनं मला पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, की राहू द्या, गडबड नाही. पण मला आता पेडल पाहिजेच होतं. विचारायचं होतं ते वेगळं. म्हटलं, मी तिथं नसताना मला वाजवत राहील असं ह्यात काही आहे का?

तिसऱ्या डब्यात होतं. लूपर म्हणतात. बटण दाबायचं, वाजवायचं, परत दाबायचं. मग तो तेच पुनःपुन्हा वाजवत बसतो, तुम्ही उठून गेलात तरी. ते तिनं मला दोनदा शिकवलं. मी तो घेतला आणि तिथंच इकोची खुंटी शून्यावर आणून ठेवली. इको विहिरीजवळ आहे, तिचा तिच्यापुरता.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी पायऱ्या उतरलो. जुन्या जागी बसलो, पेटी लावली, बटण दाबलं. सहा सूर वाजवले आणि लगेच बटण दाबलं नाही. पूर्वी जेवढं थांबायचो तेवढं थांबलो, मगच दाबलं. ओळ आणि तिच्यामागची वाट बघायची जागा, दोन्ही डब्यात भरली. मग गिटार तिथंच पायरीवर टेकवली आणि गुडघ्यांना शिव्या देत वर आलो. थारोळं ओलांडून पिंपरणीच्या आडोशाला गेलो.

काठाचा एक दगड बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत होता. त्याच्या शेजारून मी जन्मभर ये-जा केली असेल. त्याच्यावर पालथा पडलो आणि मुंडकं आत घातलं.

तिथून माझी पायरी सरळ खाली दिसते. बसलेल्या माणसाची नुसती टाळू दिसेल, आणि वाजवणारे हात. खालून ओळ आली. मला वाटायचं त्याहून ती बरीच चांगली होती, विहिरीतून वर येताना गोल होत होती. सहा सूर झाले, आणि खालचा तो थांबला. उत्तर येईल म्हणून थांबला.

पहिले दोन सूर मला पाठ आहेत, मीच बांधलेत. ओठ उघडले. आवाज फुटेना. मग गळ्यातल्या उपरण्याचा बोळा केला आणि तोंडात धरला. तिनं हसू दाबायला धरला होता.

खाली तो परत पहिल्यापासून वाजवायला लागला.