दुसऱ्याचा धूर पिणारा करंज

मी करंज बोलतोय. किन्हीराजा गावच्या गायरानातला, अजून कमरेएवढाही न झालेला.

मालेगावच्या रोपवाटिकेत काळ्या पिशवीत वाढलो. गेल्या पावसाळ्यात वैजयंतीताईंनी मला इथं लावलं. ताई पर्यावरणावर भाषणं द्यायला विमानानं देशभर फिरतात. मनानं वाईट नाहीत. चिखलात गुडघे टेकून त्यांनी माझ्याभोवती माती दाबली. गाडी मात्र आतून थंड राहावी म्हणून रस्त्यावर चालूच होती.

धुरपताबाई तिथंच शेळ्या चारत होती. म्हणाली, "ताई, गाडी कायले चालू ठेवली? धूर होऊन राह्यला ना!"

"त्याचीच भरपाई म्हणून ही धूर पिणारी झाडं, मावशी. मी फिरणं सोडलं, तर लोकांना जागं कोण करणार?"

"मंग भरपाई आमच्या गायरानात काहून? तुमच्या दारात लावा."

"दारात जागा नाही हो, फ्लॅट आहे," ताई म्हणाल्या. ते खरंही होतं.

आठवड्याभरात तारेचं कुंपण आलं. गावातल्या चार मोठ्यांनी मान डोलावली होती, धुरपताबाईला कुणी विचारलं नव्हतं. खरं तर करंजाला शेळी तोंड लावत नाही; पण मला तरी कुणी विचारलं?

शेळ्या तारेबाहेर ओरडायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धुरपताबाईनं त्या बांधाबांधानं चारल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, शेवटी एकेक करून शेलूबाजारला विकल्या. शेवटची गाभण होती. "रडू नको वो," नवरा रामधन म्हणाला. ती रडलीच नाही, त्याचीच मला भीती वाटली. आता दोघं परमुलखात वीटभट्टीवर आहेत.

इकडे खाणारं तोंडच उरलं नाही. गवत माजलं, वाळलं, आणि चैत्रात कुणाच्या तरी विडीनं पेटलं. ताईंचा धूर पिणं दूरच, माझाच धूर झाला. सोबतची सगळी रोपं गेली. माझ्या मुळाशी थोडी ओल आहे, तोवर हे बोलणं.

ताईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या खोलीत थंड हवा चालू असेल, आणि किन्हीराजाचे करंज सगळं निस्तरतायत म्हणून मनही निवांत असेल.

ताई, माझ्या भरवशावर राहू नका. तुमच्या घरचं बटण तुमच्या हाताशी आहे, ते आधी बंद करा. आणि कधी इकडे आलात, तर ही तार तेवढी काढून न्या. शेळ्या आता नाहीत. पण धुरपताबाई परतली, तर तिला आत येता आलं पाहिजे.