बिदोआगाची वेस

निर्वासितांच्या पाहणीला परदेशी साहेब येणार म्हटल्यावर यासिनमास्तरांनी अल्बानियातल्या सारांद्याच्या बंदरावरच्या जुन्या गोदामात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. लढाई संपली, पॅरिसात तहाची बोलणी चाललीत. ग्रीसमधून हाकललेल्या आपल्या चाम लोकांचं गाऱ्हाणं तिथं कुणी ऐकावं असं वाटत असेल, तर साहेबाला आपले हाल दिसले पाहिजेत. गळकं छप्पर दाखवा, रिकामं पातेलं दाखवा, पोरांची तोंडं धुऊ नका. साहेबाच्या अहवालावर आपलं घरी परतणं अवलंबून आहे.

सगळे हो म्हणाले. बिदोआगाही म्हणाला. घर, शेत, ऑलिव्हची झाडं, सगळं सीमेपलीकडं राहिलं होतं. ताठा तेवढा बरोबर आला होता. पण साहेब सगळ्यात आधी आपल्याच कोपऱ्यात येणार हे कळलं, आणि आगाचं डोकं फिरलं. पाहुण्यापुढं रिकामं पातेलं ठेवायचं?

"मास्तर, उपाशी मरेन, पण अब्रूची लक्तरं वेशीवर टांगणार नाही."

"आगा, आपल्याला वेस उरलीय कुठं?" मास्तर म्हणाले.

आगानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हमालांच्या मुकादमाकडून गालिचा आणला आणि छप्पर गळत होतं त्या भिंतीवर नेमका टांगला. न्हाव्याकडून कॉफीचे कप आणले. बायकोची, नुरियेची, एकुलती एक अंड्यावरची कोंबडी कापली. नुरिये दिवसभर त्याच्याशी बोलली नाही, पण पापुद्र्यांची पालकपोळी मात्र तिनं जीव ओतून भाजली.

साहेब आठवडाभर टिनच्या डब्यातलं खाऊन वैतागलेला होता. तो पोळीवर तुटून पडला, कोंबडी संपवली, कॉफी दोनदा घेतली. मग तृप्त होऊन त्यानं विचारलं, तुम्हाला इथं काय कमी आहे?

गोदाम कानात प्राण आणून ऐकत होतं. मास्तर डोळ्यांनी विनवत होते. पण पाहुण्याकडं काही मागायचं म्हणजे जेवणाचे पैसे मागण्यासारखंच. "अल्लाच्या कृपेनं काही नाही," आगा म्हणाला. "तुम्ही आलात, घर भरलं."

साहेबाचा ड्रायव्हर हाच दुभाषा, आणि मेला प्रामाणिक निघाला. त्यानं शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं तो उतरवून घेतला.

नुरियेनं तोंड उघडलं. "झालं समाधान? आता पॅरिसात सांगतील, मंडळी मजेत आहेत, इथंच राहू द्या. कोंबडी गेली आणि घरही गेलं."

आपण काय करून बसलो ते आगाला तेव्हा कळलं. पण पाहुणा उठला होता आणि त्याला पोचवायला जायलाच हवं होतं. आगा जाऊन जीपमध्ये बसला.

गावाबाहेर साहेबानं हात मिळवला. आगानं मिळवला आणि बसून राहिला. पहिला घाट गेला, कोनिस्पोल गेलं. साहेब आधी हसला, मग घड्याळ बघू लागला. शेवटी त्यानं ड्रायव्हरला विचारायला लावलं, हे गृहस्थ उतरणार कधी?

"वेस आली की उतरेन," आगा म्हणाला. "यजमान पाहुण्याला आपल्या वेशीपर्यंत पोचवतो. तुमच्याकडं नाही पोचवत?"

साहेबाला पलीकडची बाजूही पाहायची होती. सीमेवरच्या शिपायांनी त्याचे कागद बघून सलाम ठोकला आणि आगाला खाली उतरवलं. समोरच्या टेकडीवर आगाच्या गावाची धुराडी दिसत होती. एकातूनही धूर निघत नव्हता. आगानं डोक्यावरची टोपी काढली.

"साहेबांना सांग, माझी वेस त्या टेकडीखाली आहे. तिथवर पोचवायचं होतं. पाहुणचारात एवढी उणीव राहिली, ती पोटात घाला म्हणावं."

ड्रायव्हरनं सांगितलं. साहेबानं टेकडीकडं पाहिलं. मग कागद काढून त्यानं एक ओळ खोडली आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्यानंच लिहीत राहिला. पॅरिसात तो कागद कुणी वाचला की नाही, देव जाणे. गोदामाला काही कळलं नाही.

आगा पाय ओढत परतला. नुरिये कोंबडीवरून आणखी चार शब्द ऐकवायला टपूनच बसली होती.

"पोचवलंत पाहुण्याला?"

"नाही गं," आगा म्हणाला. "अर्ध्या वाटेतच सोडावं लागलं."

नुरियेनं ते चार शब्द गिळले, आणि साहेबापासून लपवून ठेवलेला पोळीचा तुकडा त्याच्यापुढं ठेवला.