धुलाईखोलीतला रिसीव्हर

ऑगस्ट संपत आला की आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या धंद्यात माणसं कापतात. नव्वदांपैकी त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना नारळ. तो नारळ घेऊन येतो गुंडरसन. ऑफिसातला साधा म्हातारा, पण आम्ही त्याला यमदूत म्हणतो. खांद्यावर हात ठेवून हळूच सांगतो, "कोचनी बोलावलंय. टॅब घेऊन ये." टॅबमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात. तो परत मागितला की माणूस संपला.

मी दहा वर्षं रिसीव्हर आहे. म्हणजे लांब पळायचं, चेंडू झेलायचा आणि कुणी रेडा येऊन आपटेपर्यंत, आपटल्यावरही, तो सोडायचा नाही. पाच संघ झाले, तीन बोटं वाकडी झाली, डावा गुडघा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी थोरला आहे. त्यात यंदा ओकीफ नावाचा नवा गडी आला. माझ्या दुप्पट उडतो आणि वर मला 'सर' म्हणतो, नालायक.

ठेवलेल्यांची यादी दुपारी चारला लीगकडे जाणार होती. मी डोकं चालवलं. यमदूताने गाठलंच नाही, तर मला काढतील कसे? फोन बंद केला आणि धुलाईखोलीत टॉवेलांच्या ढिगामागे जाऊन बसलो.

तिथे राज्य ओडेसाबाईंचं. "लाज वाटते का रे, लव्हेल टिब्स? एवढा घोडा झालास आणि लपाछपी खेळतोस?"

"चारपर्यंत, ओडेसाबाई. पाया पडतो."

"आणि तुझ्या बुडाखाली चुरगळलेले टॉवेल कोण धुणार? तुझा कोच?"

तोंडाने फटकळ, पण बाई मायाळू. माझ्या डोक्यावर आणखी चार टॉवेल टाकून मोकळ्या झाल्या. गुंडरसन दोनदा दाराशी आला.

"टिब्स दिसला का हो?"

"त्याच्या मोज्यांचा वास आलाय," बाई म्हणाल्या. "तो नाही आला."

म्हातारा धापा टाकत गेला. मला हसू आवरेना, तोंडात टॉवेल कोंबला. कित्येक आठवड्यांनी मला इतकं बरं वाटत होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी मी छाती काढून बाहेर आलो. गुंडरसन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून घाम पुसत होता.

"काय म्हाताऱ्या, हरलास ना?"

"कुठे उलथला होतास?" तो ओरडलाच. "सगळी इमारत पालथी घातली, पार्किंगसुद्धा!" हातातला कागद त्याने माझ्या नाकासमोर धरला. "ठेवणार होते तुला, गाढवा. थोड्या कमी पगारावर, पण पूर्ण वर्ष. ओकीफला शिकवायला कोचना तूच हवा होतास. फक्त सही पाहिजे होती. चारच्या आत."

"आण मग. करतो."

"यादी गेली. तुझं नाव काढून."

मी तिथेच फरशीवर बसलो आणि भोकाड पसरलं. ओडेसाबाई दारात आल्या आणि डोळे पुसायला एक टॉवेल माझ्या अंगावर टाकला. दहा वर्षं जगातले सगळ्यात चपळ गडी माझ्या मागे लागले आणि बहुतेकांनी मला धरून आपटलं. साफ चुकवला असा हा एकच, सत्तर वर्षांचा, माझी नोकरी हातात घेऊन धावणारा.